जर्मनीत भारतीय लायसन्स: सहा महिन्यांनंतर नेमकं काय?

चौथागियर:

नमस्कार मंडळी. जर्मनीत नोकरीसाठी राहायला येऊन दोन महिने झाले, आनमेल्डुंग (राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी) झालेलं आहे. महाराष्ट्रातलं स्मार्टकार्ड लायसन्स आहे, पहिल्यांदा २०१४ साली काढलेलं. त्यावर एलएमव्ही आणि गिअरची मोटरसायकल दोन्ही आहेत. निघताना आरटीओतून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवानाही घेतला. प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून इथे विचारतो आहे.

आंतरराष्ट्रीय परवान्यावर वर्षभर गाडी चालवता येते का? भारतीय लायसन्स परीक्षा न देता बदलून मिळतं का, आणि त्याला काही शेवटची तारीख असते का? फारशूलेचे (ड्रायव्हिंग स्कूलचे) सगळे तास करावेच लागतात का? परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर चालेल का? आणि आपलं भारतीय कार्ड ते ठेवून घेतात, हे खरं आहे का?

---

घाटरस्ता:

वर्षभर बिनधास्त चालवा, आंतरराष्ट्रीय परवाना त्यासाठीच असतो. बदलून घ्यायचं ते मात्र तीन वर्षांच्या आत, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

---

राइनकाठ:

घाटरस्ता, तुमच्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिलीवर विसंबून कुणी गाडी काढली तर गुन्हा दाखल होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आंतरराष्ट्रीय परवान्यावर एक वर्षाची मुदत छापलेली असली, तरी जर्मनीत राहायला आलेल्या माणसाला ती लागू होत नाही. इथल्या परवाना नियमावलीच्या (फेफाऊ) कलम २९ नुसार युरोपीय संघाबाहेरच्या लायसन्सवर गाडी चालवता येते ती इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून ६ महिने. आंतरराष्ट्रीय पुस्तिका म्हणजे मूळ लायसन्सचं भाषांतर, तिच्याने वेगळा अधिकार मिळत नाही. शिवाय भारत देतो ती पुस्तिका १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारची असते आणि जर्मनी त्या करारात नाही. जर्मनी १९६८ च्या व्हिएन्ना करारातला देश आहे. म्हणून या सहा महिन्यांतही मूळ कार्डासोबत जर्मन भाषांतर जवळ ठेवा. कार्डावर सगळं इंग्रजीत आहे, मग भाषांतर कशाला, असं वाटेल. पण पोलिसाला वाचायचं असतं ते हे, की 'एलएमव्ही' म्हणजे इथला कोणता वर्ग. भाषांतर आडाआट्से (इथला वाहनचालकांचा क्लब) किंवा शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यावं. पुढे अर्जाला तेच कामी येतं.

सहा महिने मोजायचे कधीपासून, यावर पुष्कळ घोळ होतो. आनमेल्डुंग उशिरा केलं म्हणून मुदत उशिरा सुरू होत नाही. तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवसापासून ती चालू होते, आणि पुरावा म्हणून पाहतात तो नोंदणीच्या कागदावरची 'आइनत्सुग', म्हणजे घरात राहायला आल्याची तारीख. मधे महिनाभर भारतात जाऊन आलात तरी मोजणी पुन्हा शून्यापासून होत नाही. ज्यांचा मुक्काम एकूण १२ महिन्यांच्या वर जाणार नाही, त्यांना कागद दाखवून आणखी ६ महिन्यांपर्यंत वाढ मागता येते. तुमचा करार कायमचा असेल तर ती सवलत तुमच्यासाठी नाही.

मुदत संपल्यावर चालवणं म्हणजे 'परवान्याविना वाहन चालवणं'. वाहतूक कायद्याच्या कलम २१ खाली हा फौजदारी गुन्हा आहे, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. गाडीचा मालक हे माहीत असून किल्ली देत असेल तर तोही त्याच कलमात येतो, हे नवरा-बायकोंनी आणि मित्रांनी ध्यानात घ्यावं. अपघात झाल्यास विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते, पण नंतर तुमच्याकडून ५,००० युरोपर्यंत वसूल करू शकते.

आता तीन वर्षांचं. अशी शेवटची तारीख नाही. सहा महिने संपले की संपतो तो गाडी चालवण्याचा हक्क. त्या लायसन्सच्या आधारावर जर्मन लायसन्स मागण्याचा हक्क राहतो. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी लोक मुदत उलटली म्हणून नवशिक्यांच्या पूर्ण कोर्समध्ये नाव घालतात आणि विनाकारण जास्तीचे पैसे भरतात.

---

पाणचक्की:

राइनकाठ यांनी कायदा सांगितला, मी अर्जाचं सांगते.

या प्रक्रियेला 'उमश्राइबुंग' म्हणतात. नावाचा अर्थ बदलून लिहिणं असा असला तरी आपल्यासाठी ती सरळ अदलाबदल नसते. नियमावलीच्या परिशिष्ट ११ मध्ये काही देशांची यादी आहे. जपान, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका असे देश त्यात आहेत आणि त्यांना परीक्षेतून सूट मिळते. भारत त्या यादीत नाही. म्हणजे थिअरी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मात्र कलम ३१ नुसार प्रशिक्षणाची सक्ती नाही. नवशिक्याला थिअरीचे १४ दुहेरी वर्ग आणि हमरस्ता, आउटोबान (द्रुतगती महामार्ग) व रात्र मिळून १२ खास तास (५, ४ आणि ३) करावेच लागतात. तुम्हाला यातलं काहीही सक्तीचं नाही. फारशूले लागते ती परीक्षेपुरती, कारण गाडी दुहेरी पेडलची हवी आणि शिक्षक शेजारी बसलेला हवा.

अर्ज करायचा तो तुमच्या राहत्या ठिकाणच्या फ्युररशाइनश्टेलेकडे, म्हणजे लायसन्स कार्यालयाकडे. सोबत लागतं ते असं: पासपोर्ट आणि नोंदणीचा कागद, ३५ × ४५ मिमी बायोमेट्रिक फोटो, मूळ लायसन्स आणि त्याचं भाषांतर, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स, आणि ज्या फारशूलेकडून परीक्षा देणार तिचं नाव. डोळ्यांची तपासणी चष्म्याच्या दुकानात ६.४३ युरोत होते आणि दोन वर्षं चालते. चष्मा लावून पास झालात तर कार्डावर तशी खूण येते आणि मग चष्म्याशिवाय चालवणं नियमबाह्य ठरतं. प्रथमोपचाराचा कोर्स ४५ मिनिटांच्या ९ तासिकांचा, एका दिवसात उरकतो. मोठ्या शहरांत तो इंग्रजीतही मिळतो. ऑनलाइन प्रमाणपत्र मात्र घेऊ नका, ते धरत नाहीत.

कागद अडतात ते बहुतेक भारतातल्या बाजूने, म्हणून जे अजून निघालेले नाहीत त्यांनी हे नीट वाचावं.

लायसन्सवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जुळायला हवं. लग्नानंतर बदललेलं आडनाव, वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' मधला फरक, हे सगळं निघण्याआधी आरटीओत दुरुस्त करून घ्या. जुनं पुस्तिकेचं लायसन्स असेल तर त्याची नोंद सारथी पोर्टलवर आहे का ते तपासा. नसेल तर ती चढवून स्मार्टकार्ड घ्या, कारण ऑनलाइन नोंदच नसलेलं लायसन्स खरं आहे हे दूर बसून पटवून देणं फार कठीण जातं. कार्डावरची पहिल्या जारीची तारीख बघा. नूतनीकरण झालेल्या कार्डावर नुसती नवी तारीख दिसत असेल, तर तुम्ही जर्मनीत आल्यानंतर लायसन्स काढलं असा समज होऊ शकतो, आणि इथे राहत असताना बाहेर काढलेलं लायसन्स ग्राह्य धरत नाहीत. अशा वेळी आरटीओचा नोंदींचा उतारा सोबत असावा.

मुदतही बघा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासमध्ये काढलेलं दहा वर्षं. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येतं. संपून वर्ष उलटलं तर भारतातच पुन्हा चाचणी द्यावी लागते. संपलेलं लायसन्स घेऊन इथे अर्ज करू नका. आणि डिजिलॉकरमधली प्रत इथे चालत नाही, प्लास्टिकचं कार्डच हवं. शिकाऊ परवाना तर धरतच नाहीत.

अर्ज दिल्यावर कार्यालय छाननी करून परीक्षेचा आदेश ट्युफ किंवा डेक्रा या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे पाठवतं. याला काही आठवडे ते काही महिने लागतात, शहरानुसार फरक पडतो. म्हणून मुदतीचा सहावा महिना उजाडायची वाट न पाहता पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच अर्ज टाकावा. चौथागियर, तुम्ही या आठवड्यातच भेटीची वेळ घ्या.

---

चौथागियर:

खूप आभार, बराच गोंधळ मिटला. थिअरी इंग्रजीत देता येते असं ऐकलं. अवघड असते का? प्रात्यक्षिकही इंग्रजीत असते का?

---

राइनकाठ:

थिअरी जर्मनखेरीज १२ भाषांत आहे, इंग्रजी त्यात आहे. हिंदी नाही, मराठीही नाही. प्रात्यक्षिक फक्त जर्मनमध्ये असते आणि दुभाषा नेता येत नाही.

थिअरीत ३० प्रश्न असतात. प्रत्येकाला २ ते ५ गुण. चुकांचे गुण १० पर्यंत चालतात. पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज १० असूनही नापास. पाच गुणांचे प्रश्न मुख्यतः कुणी आधी जायचं, याचे असतात, तेव्हा तिथे ढिलाई चालत नाही. एका प्रश्नाला एक, दोन किंवा तिन्ही पर्याय बरोबर असू शकतात. एक खूण करायची राहिली तरी तो अख्खा प्रश्न चुकीचा धरतात. आपल्याकडची 'एकच बरोबर उत्तर' ही सवय इथे घात करते. व्हिडिओचे प्रश्नही येतात. चित्रफीत पाच वेळा पाहता येते, पण एकदा प्रश्न उघडलात की मागे जाता येत नाही. त्यामुळे आरसा, कडेची सायकल आणि पादचारी नीट पाहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काही उत्तरं आकड्यात टाइप करायची असतात. त्यासाठी सूत्र पाठ करा: वेगाला १० ने भागून ३ ने गुणलं की प्रतिक्रियेचं अंतर, वेगाला १० ने भागून वर्ग केला की ब्रेकचं अंतर. ताशी ५० किमीला १५ + २५ म्हणजे थांबायला ४० मीटर. जोराचा ब्रेक दाबल्यास ब्रेकचं अंतर निम्मं धरतात. टायरच्या खाचेची किमान खोली १.६ मिमी, हाही आकडा हमखास येतो.

प्रश्नसंच १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. फारशूलेकडून मिळणारं अ‍ॅप अधिकृत संचाचं असतं, ते घ्या. फुकटच्या जुन्या यादीवर तयारी करू नका. इंग्रजी भाषांतर ठिकठिकाणी फार बोजड आहे, आणि वाक्याच्या रचनेमुळे अर्थ उलटा लागतो. म्हणून नियम येत असला तरी प्रश्न त्याच भाषेत सोडवून पाहिलेले असावेत.

शुल्क सुमारे २५ युरो, नापास झाल्यास साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा. थिअरी पास झाल्यावर १२ महिन्यांत प्रात्यक्षिक उरकायचं, नाहीतर थिअरी पुन्हा द्यावी लागते.

---

तिसरीलेन:

प्रात्यक्षिकाबद्दल लिहितो. अनुभवी भारतीय चालक पहिल्या प्रयत्नात नापास होतात ते इथेच, आणि त्याला कारण म्हणजे पक्क्या झालेल्या सवयी. स्टिअरिंग चांगलं असतं, नजर कमी पडते.

१ जानेवारी २०२१ पासून परीक्षा एकूण ५५ मिनिटांची, त्यात प्रत्यक्ष चालवणं निदान ३० मिनिटं. शुल्क सुमारे १३० युरो, फारशूलेचे पैसे वेगळे. सुरुवातीला परीक्षक गाडीबद्दल विचारतो: दिवे, ऑइल, ब्रेक, टायर. मग निघायचं. शिक्षकाला स्वतःच्या पेडलवर पाय ठेवावा लागला, की परीक्षा तिथेच संपते.

नापास करणाऱ्या गोष्टी, माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने:

'रेष्ट्स फोर लिंक्स', म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चौकात ना सिग्नल ना पाटी असेल तर हाच नियम, आणि ताशी ३० किमीच्या झोनमध्ये जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यावर तो लागू असतो. तीन तोंडांच्या नाक्यावरही सरळ जाणाऱ्याने उजव्या गल्लीतून येणाऱ्याला वाट द्यायची. रस्ता मोठा म्हणून हक्क आपला, असं इथे नसतं. प्रत्येक उजव्या तोंडाशी वेग कमी करून मान वळवून बघायचं, आणि परीक्षकाला ते बघणं दिसलं पाहिजे. सपाट केलेल्या फुटपाथावरून किंवा शेतवाटेवरून बाहेर येणाऱ्याला हा हक्क नाही. तिथे उगाच थांबलात तर तीही चूक धरतात.

'शुल्टरब्लिक', खांद्यावरून मागे पाहणं. उजवीकडे वळताना, लेन बदलताना, कडेवरून निघताना, दार उघडतानासुद्धा. नुसत्या आरशावर भागत नाही, कारण उजव्या हाताला सायकलचा रस्ता असतो आणि सरळ जाणारा सायकलस्वार तुमच्या आधी जातो. सायकलला ओलांडताना गावात १.५ मीटर, गावाबाहेर २ मीटर अंतर. तेवढी जागा नसेल तर मागे राहा, कितीही हळू जावं लागलं तरी.

स्टॉपच्या पाटीवर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. रांगत गेलात तर नापास. सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची पत्र्याची पाटी असेल, तर लाल दिव्यावर उजवीकडे वळता येतं, पण आधी रेषेशी पूर्ण थांबून. बाणाचा पेटणारा दिवा ही वेगळी गोष्ट, तो लागला की न थांबता जायचं.

बस थांब्याकडे येताना चारी इंडिकेटर लावून येत असेल तर ओलांडायची नाही. थांब्यावर तशीच उभी असेल तर चालण्याच्या वेगाने शेजारून जायचं. त्याच रस्त्यावर समोरून येणाऱ्यालाही हा नियम आहे, आणि तोच विसरला जातो.

आउटोबानवर चढताना वेग वाढवायच्या लेनमध्येच वेग पकडायचा. लेनच्या शेवटी थांबून राहणं धोक्याचं मानतात. उजवीकडून ओलांडायचं नाही. रहदारी तुंबून चालण्याच्या वेगावर आली की सर्वांत डावी लेन डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेला वाट सोडायची, सायरन ऐकू येण्याआधीच.

गोल चौकात शिरताना इंडिकेटर नाही, बाहेर पडताना द्यायचा. हॉर्न धोक्यापुरता. हात सारखा हॉर्नकडे जात असेल तर आठवडाभर आधीपासून ती सवय मोडा. आणि हळू चालवणं म्हणजे सुरक्षित, हे इथे मानत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या जागी ३५ ने गेलात तर रहदारीला अडथळा म्हणून चूक मांडतात.

यासोबत काही ठरलेल्या कसरती: रस्त्यालगत समांतर पार्किंग, आडवं पार्किंग, गाडी उलट वळवणं, जोराचा ब्रेक.

भाषेची भीती नको, सूचना मोजक्या असतात. 'आन डेअर नेखस्टन क्रॉयत्सुंग लिंक्स आबबीगन' म्हणजे पुढच्या चौकात डावीकडे. 'वेंडन' म्हणजे गाडी वळवून मागे फिरवा. 'आइनपार्कन' म्हणजे पार्क करा. काहीच सांगितलं नाही तर सरळ जायचं. सूचना ऐकू आली नाही तर 'बिट्टं नोखमाल' म्हणून विचारावं, त्याचे गुण कापत नाहीत. चुकीच्या दिशेने नियम पाळून वळलात तरी ती चूक नव्हे. घाबरून शेवटच्या क्षणी लेन बदलली, तर मात्र ती चूक.

तास सक्तीचे नसले तरी घ्या. पहिला तास नुसता पाहणीचा, शिक्षकाला तुमच्या सवयी दाखवायचा. मग जिथे परीक्षा होते त्याच भागात तीन-चार दुहेरी तास. शेवटचा तास परीक्षेसारखा, शिक्षकाने फक्त जर्मन सूचना देऊन. उजव्या बाजूच्या रहदारीत गिअर उजव्या हातात येतो, तेवढ्याची सवय दोन दिवसांत होते. मान वळवायची सवय व्हायला वेळ लागतो. सहा महिन्यांची मुदत चालू असताना भाषांतर जवळ ठेवून रोज थोडं चालवलं तर तासांची संख्या घटते.

---

चौथागियर:

तिसरीलेन, हे छापून ठेवतो. ऑटोमॅटिक आणि भारतीय कार्डाचं राहिलं. आणि मोटरसायकलचं?

---

पाणचक्की:

ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत तर कार्डावर ७८ हा संकेतांक येतो आणि हाताच्या गिअरची गाडी चालवता येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून बी-१९७ नावाचा मधला मार्ग आहे: हाताच्या गिअरचे ४५ मिनिटांचे १० तास, फारशूलेमध्येच एक छोटी चाचणी, आणि परीक्षा ऑटोमॅटिकवर. तो घ्यायचा असेल तर तुमच्या उमश्राइबुंगमध्ये तो कसा बसतो, ते फारशूले आणि कार्यालय दोघांकडून अर्जाआधी लेखी घ्या. पण दहा वर्षं गिअरची गाडी चालवली आहे, तर परीक्षा सरळ गिअरवरच द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतीय कार्ड जमा करावं लागतं, जर्मन कार्ड हातात देतानाच. सांभाळून ठेवतात. पुढे भारतात कायमचे परतलात तर जर्मन कार्ड देऊन ते परत मागता येतं, अर्ज करावा लागतो. जमा करण्याआधी दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा. कार्ड हरवलं अशी खोटी तक्रार करून भारतातून दुसरी प्रत काढायची आणि एक जमा करायचं, असा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकू नका. खोटं निवेदन दोन्ही देशांत अंगाशी येतं.

सुट्टीत भारतात चालवायचं तर इथल्या फ्युररशाइनश्टेलेकडून जर्मन आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एकटा चालत नाही, मूळ जर्मन कार्डही सोबत हवं.

नवशिक्यांना दोन वर्षांचा परिवीक्षाकाळ असतो आणि त्यात दारूची मर्यादा शून्य. तुमचं लायसन्स २०१४ चं असल्याने तो काळ तेव्हापासून मोजून आधीच संपलेला धरतात. म्हणूनच पहिल्या जारीच्या तारखेचा एवढा आग्रह धरला. जर्मन कार्डाच्या मागच्या बाजूला १० क्रमांकाच्या रकान्यात बी वर्गापुढे (मोटारगाडीचा वर्ग) तारीख असते. कार्ड हातात घेतल्यावर काउंटरवरच तपासा, नंतर दुरुस्तीला पुन्हा भेटीची वेळ घ्यावी लागते. कार्डाची मुदत १५ वर्षं, पण संपतं ते प्लास्टिक. चालवण्याचा हक्क संपत नाही, नवं कार्ड परीक्षेविना मिळतं.

मोटरसायकल हवी असेल तर आत्ताच्या अर्जातच ए वर्गही लिहा. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा स्वतंत्र, थिअरीत त्या वर्गाचे जादा प्रश्न, आणि हेल्मेटसोबत जॅकेट, हातमोजे, बूट असा पूर्ण संरक्षक पोशाख नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. नुसती गाडी हवी असेल तर फक्त बी लिहा. मात्र भारतीय कार्ड दोन्ही वर्गांचं असलं तरी ते जमाच होतं, तेव्हा हा निर्णय अर्ज भरण्याआधी घ्या.